इडालियाची विचारपूस

प्रकरण अकरावे

*रविवार*

चूक डोळ्यांची होती, आणि ती सगळ्या गावाने मिळून केली.

ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी इडालिया डाउन्स चर्चमध्ये आली ती काळ्या झग्यात. येऊन मागच्या बाकावर बसली, नेहमीच्याच जागी, दाराला लागून, जिथून लगूनचं, समुद्राला लागलेल्या खाऱ्या तळ्याचं, पाणी दिसतं. दहा-अकरा वर्षं ती तिथेच बसत आली होती. पण ती बसायची लाल-पिवळ्या फुलांच्या झग्यात, मान ताठ ठेवून, आणि गाणी म्हणायची पुढच्या बाकावाल्यांपेक्षा मोठ्याने. या रविवारी मान खाली. गाण्याला तोंड उघडलं नाही. शेवटच्या प्रार्थनेत तिला हुंदका आला, तो पुढच्या बाकाला ऐकू गेला, त्याने त्याच्या पुढच्याला कोपराने सांगितलं, आणि आमेन होईपर्यंत बातमी वेदीपर्यंत पोचली.

मंडळीने ठरवून टाकलं, इडालियाला पश्चात्ताप झाला.

तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? ज्याच्यापायी तिला प्रभुभोजनातून काढून मागे बसवलं होतं तो फेरिस दीड महिन्यापूर्वी झिंग्यांच्या बोटीवर छातीत कळ येऊन गेला होता. त्यानंतर ती चर्चला आली ती या रविवारीच. फेरिसची लग्नाची बायको कॉर्न आयलंडवर होती, अजून आहे. इडालिया म्हणजे त्याच्या घरात राहिलेली बाई. आता घर रिकामं, अंगावर काळं, डोळ्यात पाणी. आणखी काय पुरावा हवा?

मंडळीच्या बायकांची विचारपूस करते ती युडोरा डाउन्स, इडालियाची आई. प्रभुभोजनाआधीच्या आठवड्यात ती घरोघर जाते, प्रत्येक बाईला आतल्या खोलीत नेऊन दार लावते आणि एकच प्रश्न विचारते: तुझं आणि तारणाऱ्याचं कसं चाललंय? उत्तर ऐकते. मग पाळकांना सांगते, ही येईल, ही थांबेल. तिच्या शब्दाबाहेर आजवर एकही पाळक गेलेला नाही.

त्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर पाळक सालोमोननी हळूच विचारलं, "मिस युडोरा, इडालियाचं कसं करायचं?"

"येईल," युडोरा म्हणाली. "गुरुवारच्या भोजनाला येईल."

लेकीशी एक शब्द न बोलता. विचारपूस न करता दिलेलं तिचं ते पहिलंच उत्तर. ते देताना तिच्या आवाजात जे होतं त्याला पायरीवरच्या बायका आनंद म्हणाल्या. होताही. पण त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती, आणि ती कोणती हे कळायला युडोराला बुधवार उजाडावा लागला.

*बुधवार, स्वयंपाकघर*

बुधवारी दुपारी परसातल्या दोरीवर पांढरे झगे वाळत होते. प्रभुभोजनाला बायका पांढरंच घालतात, आणि युडोराच्या घरचं पांढरं गावात सगळ्यांत पांढरं असतं, कारण ती कसाव्याच्या कंदाची खळ स्वतः काढते, दुकानची वापरत नाही. कडेचा झगा इडालियाचा होता. जुना, पेटीतून काढलेला. थोरली लेक व्हर्ना सकाळच्या बोटीने ब्लूफील्ड्सहून आली होती, तिने आल्या आल्या त्याच्या कडेची शिवण उसवून दोन्हीकडे पट्टी घातली होती.

"अंदाजानेच घातली," व्हर्ना खोबरं किसता किसता म्हणाली. "दहा वर्षांत कंबर कुठवर गेलीय देव जाणे. फेरिस तिला खायला भरपूर घालायचा."

"त्याचं नाव आज नको," युडोरा म्हणाली.

"मेलेल्या माणसाचं नाव घेतलं तर काय होतं?"

"आज नको म्हटलं ना."

होस्फर्ड ओसरीवर मासा साफ करत बसला होता. युडोराच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. नवरा गेल्यापासून या घरात पुरुषाने बोलायचं ते होस्फर्डच बोलतो. चर्चमध्ये तो पंच आहे, आणि भाकरीचं ताट पाळकांच्या बरोबरीने फिरवण्याचा मान त्याचा. खवले उडवत तो म्हणाला, "वहिनी, रंडाऊनमध्ये कच्ची केळी जास्त टाका बरं का. इडाला लहानपणापासून केळी लागतात. मासा कमी मिळाला तरी चालतो पोरीला."

"भावजी, तुम्ही मासा कमी आणलाय म्हणून हे सांगताय."

"लगूनने दिला तेवढा आणला. लगूनला काय माहीत माझी पुतणी परत येतेय."

तिघं हसली. घरात असं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. हेही सांगायला हवं, की हीच तिघं या गोष्टीवरून इतकी वर्षं तीन दिशांना तोंड करून होती. व्हर्ना दर खेपेला आईच्या नकळत इडालियाकडे जाऊन जेवायची. होस्फर्ड रस्त्यात इडालिया दिसली की टोपी काढायचा नाही. आणि युडोरा रोज संध्याकाळी तिच्या नावाने प्रार्थना करायची, पण तिच्या उंबऱ्यात पाय टाकायची नाही. आता तिघांची तोंडं एका पातेल्याकडे होती. रंडाऊनच्या कालवणासाठी नारळाचं दूध उकळायला लागलं होतं, आल्याचं पेय माठात गार होत होतं, बन भट्टीत होते.

इडालिया आली ती मागच्या वाटेने. दोरीवरचे झगे हाताने बाजूला सारत पायरीपाशी थांबली. अंगावर तेच काळं.

"अगं ये ना आत," व्हर्ना म्हणाली. "बाहेर काय उभी? कोण पाहुणी आहेस का?"

"वर नको. इथूनच सांगते."

"सांगायचं काय, जेव आधी."

"ताई, थांब जरा. आई, तू पाळकांना सांगितलंस मी उद्या येणार म्हणून?"

"सांगितलं."

"मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं."

युडोराने पातेल्यातली पळी काढून झाकणावर ठेवली.

"मी हे काळं फेरिससाठी घातलंय," इडालिया म्हणाली. "लोक वाटेत हात हातात घेतायत माझा. म्हणतायत, देवाची कृपा झाली. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस ओलिव्हने तर मला मिठी मारली. मला कळेना काय चाललंय. मग कळलं. मी रडले ते फेरिससाठी. पश्चात्ताप नाही झाला मला."

खवले उडायचे थांबले.

*बुधवार, पायरी*

होस्फर्ड आधी बोलला. तो नेहमीच आधी बोलतो.

"इडा, हे बघ. उद्या पाळक उभं करून विचारतील. तू एक वाक्य म्हणायचं. मी भरकटले होते, परत आले. एवढंच. माझ्यासमोर लोकांनी याहून कमी म्हटलंय आणि आत आलेत. एकाने तर नुसती मान हलवली होती, तीही पंखा बघायला."

"काका, मी भरकटले नव्हते. नीट चालत गेले होते. भर दुपारी, हातात गाठोडं घेऊन."

"तेच भरकटणं!"

"शब्दच आहेत गं," व्हर्ना म्हणाली. "कोण मोजतंय? एकदा म्हण आणि मोकळी हो. आईचं वय बघ. तिला एकदा तुझ्या शेजारी बसून प्रभुभोजन घेऊ दे."

"तू पण?"

"मी पण काय? मी दहा वर्षं तुझ्या बाजूने होते."

"होतीस. जेवायला."

व्हर्नाचा चेहरा पडला. ती खोबऱ्याकडे वळली आणि किसणी न उचलता बोटांनी नुसता कीस चाळवत राहिली. त्या क्षणापासून व्हर्ना होस्फर्डच्या बाजूला गेली, आणि ते तिलाही कळलं.

"फेरिस गेला नसता," इडालिया म्हणाली, "तर आत्ता मी त्याच्या घरात मासे तळत असते. आणि मला वाईट वाटत नसतं. मग काय बदललं? तो मेला. एवढंच बदललं. कुणाच्या मरणाने मी चांगली होत नाही."

"देवानेच सोडवलं तुला, असं बघ," होस्फर्ड म्हणाला.

"म्हणजे मला धुवायला देवाने त्याला मारला? असं असेल तर त्या टेबलाशी बसायचंच नाही मला."

"इडा!" व्हर्ना ओरडली.

 युडोरा रविवारच्या पायऱ्या आठवत होती. किती पटकन म्हणाली होती ती, येईल! आणि ते म्हणताना बायकांकडे बघितलं होतं. लेकीकडे नव्हे, बायकांकडे. बघा, मीच तिला मागे बसवलं आणि माझ्याच हाताने ती परत येतेय. आता ते उलटं फिरवायचं म्हणजे त्याच बायकांपुढे जायचं. आपल्याला जड जातंय ते लेकीच्या आत्म्यासाठी की स्वतःच्या नावासाठी, हे तिला नक्की सांगता येईना.

एप्रनला हात पुसून ती म्हणाली, "पाळक चार वाजता येणार आहेत. त्याआधी विचारपूस होऊ दे. रीतीप्रमाणे. चल आत."

*आतली खोली. दार लावलेलं.*

आई आधी बोलते, मग लेक. बाकी काही घडत नाही.

— बस.

— उभीच बरी आहे.

— बरं. विचारते. तुझं आणि तारणाऱ्याचं कसं चाललंय?

— भांडण चाललंय.

— कशावरून?

— फेरिसवरून. त्याला नेलं म्हणून.

— फेरिस तुझा नव्हता, इडा.

— माहीत आहे गं. म्हणून तर पंचाईत. बायको असते तर लोक घरी आले असते, दोन गाणी म्हटली असती, कॉफी प्यायली असती. मी कुठे रडू? चर्चमध्ये जाऊन रडले तर तुम्ही त्याचं हे केलंत.

— त्याच्या घरात राहिलीस त्याचं वाईट वाटतं?

— कॉर्न आयलंडवरच्या त्या बाईचं वाटतं. कधी कधी, कपडे धुताना. राहिले त्याचं नाही वाटत. खोटं कशाला बोलू? रोज सकाळी उठून बघते, आज वाटतंय का. नाही वाटत.

— मग मी पाळकांना काय सांगू?

— हेच सांग. आणि रविवारी माझ्या नावाने हो म्हणून आलीस ते निस्तर.

— निस्तरीन.

— आई.

— काय?

— बायकांना तू विचारतेस. तुला कोण विचारतं?

— मला? आधीच्या पाळकांची बायको विचारायची. ते बदलून गेले. हे सालोमोन अजून बिनलग्नाचे.

— म्हणजे कुणीच नाही.

— कधी गरज पडली नाही.

— मी विचारते. तुझं आणि तारणाऱ्याचं कसं चाललंय?

*आतली खोली, तशीच*

युडोराकडे उत्तर तयार होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांची ऐकून ऐकून आपलं असं आपोआप तयार होतं. तिने पाठ सरळ केली.

"मी एकही प्रभुभोजन चुकवलेलं नाही," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांना पुरलं त्या आठवड्यातसुद्धा गेले. कुणाच्या दारात जाऊन भांडले नाही. कुणाचं ऐकलेलं कुणाला सांगितलं नाही. या गावच्या बायकांचं काय काय माझ्या पोटात आहे ते मलाच माहीत. आणि माझी स्वतःची मुलगी चुकली तेव्हा तिलाही सोडलं नाही. पाळक म्हणाले होते, दुसऱ्या बाईला पाठवतो. मी म्हटलं, नाही, मीच जाईन, मीच तिला मागे बसवीन. आख्ख्या लगूनला माहीत आहे ते."

इडालिया ऐकत होती. मग म्हणाली, "मी त्याचं विचारलं होतं."

"काय?"

"तारणाऱ्याचं. तू सगळं तुझंच सांगितलंस. तो कुठे आला त्यात?"

टोचून नाही म्हणाली. भाजीत मीठ राहिलं असं सांगावं तसं म्हणाली.

युडोराने पुन्हा सुरुवात केली. "तो…" आणि पुढे काही येईना.

बाहेर होस्फर्ड व्हर्नाला सांगत होता की मासा आत्ता टाकला नाही तर नारळाचं दूध फाटेल. युडोराला ते स्पष्ट ऐकू येत होतं. आपल्या आत मात्र शोधून शोधून तिला जे सापडत होतं ते असं: ती स्वतः उभी आहे, तिच्या मागे तिची सगळी वर्षं इस्त्री करून घडी घातलेली आहेत, आणि तारणारा कुठेतरी पलीकडे बसून बरोबर, बरोबर अशी मान हलवतोय. तेवढंच त्याचं काम. तो नसता तरी घड्या तशाच राहिल्या असत्या.

आणि गंमत म्हणजे बरोबर उत्तर तिला पाठ होतं. दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीत यायच्या आधीच्या, वर्गातल्या मुलींना तीच तर शिकवायची: आपलं चांगलेपण तिथे चालत नाही गं, पोरींनो. नीतिमत्त्व त्याचं, ते आपण अंगावर घ्यायचं. एखादी बाई रडत म्हणायची, मिस युडोरा, माझ्याकडे काही नाही, त्याने दया करावी एवढंच. तेव्हा युडोरा समाधानाने मान हलवायची आणि पाळकांना जाऊन सांगायची, ही येईल. स्वतःला मात्र ते उत्तर द्यावं लागेल असं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. ते उत्तर रडणाऱ्या बायकांचं होतं.

ती पलंगावर बसली. राग आला तिला. कुणाचा ते ठरेना, तेव्हा समोर होती तिच्यावर काढला.

"तू तरी काय घेऊन उभी आहेस गं?"

"मी? माझ्याकडे काय आहे?"

"खरेपणा. आख्खं गाव ढोंगी, मी एकटी खरी. पाळकांपुढे खोटं बोलणार नाही मी! तो घालून आलीस तू, त्या काळ्याच्या आतून. मी माझ्या चांगलेपणावर जाते, तू तुझ्या खरेपणावर राहतेस. त्याच्या दारात जायची वेळ आली की दोघींनाही आधी आपलं काहीतरी दाखवायचंय."

"मग काय खोटं बोलू?"

"ते नाही म्हणाले."

"मग काय म्हणालीस?"

युडोराने विचार केला. "मला अजून नीट कळलेलं नाही," ती म्हणाली.

इडालिया मग बसली. पलंग जुना, मध्ये खोलगट. दोघी घसरून एकमेकींच्या खांद्याला टेकल्या आणि तशाच राहिल्या, कारण सरळ व्हायला कुणी आधी उठायला हवं होतं.

*चार वाजता*

पाळक सालोमोन आले तेव्हा होस्फर्डने त्यांच्या हातात आल्याच्या पेयाचा पेला दिला, आणि त्यांनी अर्धा प्यायला तेवढ्यात आतलं दार उघडलं. सालोमोन रिओ कोको नदीकडचे, वयाने तरुण. युडोराला ते जरा भितात, आणि हे युडोराला माहीत आहे.

"पाळकसाहेब, रविवारी मी सांगितलं ते चुकीचं होतं," युडोरा म्हणाली. "मी तिला न विचारता सांगितलं. तिला पश्चात्ताप झालेला नाही."

"वहिनी!" होस्फर्ड म्हणाला. "बन भाजून झालेत!"

"बन खाऊ या. बन कुणी नाही म्हटलं?"

पाळकांनी पेला ठेवायला जागा शोधली. सापडली नाही. "मग… ती थांबेल, असं म्हणायचं का?"

"तेच विचारायचंय. पण आधी माझी विचारपूस करा. बरीच वर्षं कुणी केलेली नाही."

"तुमची? मिस युडोरा, तुमची काय…"

"रीत आहे ना? विचारा."

पाळकांनी होस्फर्डकडे बघितलं. होस्फर्डने माशाकडे. शेवटी पाळकांनी विचारलं, शाळेतल्या मुलाने बाईंना विचारावं तसं, "तुमचं आणि तारणाऱ्याचं कसं चाललंय?"

"आज दुपारपर्यंत उत्तर होतं माझ्याकडे."

"आणि आता?"

"आता काही नाही. शोधून बघितलं. दाखवण्यासारखं काही सापडलं नाही."

पाळकांचा चेहरा एकदम मोकळा झाला. कारण हे उत्तर त्यांना ओळखीचं होतं. "मग तुम्ही या," ते म्हणाले. "असंच यायचं असतं."

"आणि ही?"

"तिने काहीतरी म्हणायला हवं ना, मिस युडोरा. मंडळीसमोर. मी त्यांना काय सांगू? की पश्चात्ताप नाही, तरी घ्या आत?"

"माझ्याकडेही काही नाही, तिच्याकडेही काही नाही. मला या म्हणता."

"तुम्हाला ते कळलंय. तिला…" पाळक थांबले. वाक्य कुठे जातंय ते त्यांना दिसलं असावं. "मला पंचांना विचारावं लागेल."

"पंच इथे बसलाय," होस्फर्ड म्हणाला. त्याने सुरी खाली ठेवली होती. आवाजातली थट्टा गेली होती. "वहिनी, माझा मुलगा लायल सांगितल्यावरही मागे बसला नाही म्हणून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो मानाग्वाला गेला. परत आला नाही. पत्ता नाही. तेव्हा तुम्हीच येऊन मला म्हणाला होतात, भावजी, तुम्ही योग्य केलंत. आणि आता तुमच्या मुलीची वेळ आली तेव्हा कुणाकडेच काही नसतं होय?"



"मी म्हणाले होते," युडोरा म्हणाली.

"मग ते बरोबर होतं की चूक, तेवढं सांगा."

"तेव्हा माझ्याकडे उत्तरं होती, भावजी."

"हे काही उत्तर नाही."

"नाही."

होस्फर्ड उठला. हात न धुताच पायऱ्या उतरून गेला. व्हर्ना त्याच्या मागोमाग टोपी घेऊन धावली, आणि जाता जाता इडालियाला म्हणाली, "झालं समाधान? एक वाक्य! एक वाक्य म्हणवलं नाही तुला."

पाळकांनी ठरवलं ते त्यांच्या परीने नेमस्त होतं. उद्या इडालियाला उभं करायचं नाही. तिने नेहमीसारखं मागे बसावं. पुढचं पुढे बघू.

रंडाऊन त्या संध्याकाळी तिघांनी खाल्लं. आई, लेक आणि पाळक. केळी फार झाली होती.

*गुरुवार*

गुरुवारी संध्याकाळी मागच्या बाकावरचेही येतात. घ्यायला नाही, बसायला. या वर्षी मागच्या बाकावर इडालिया एकटीच होती, काळ्यात. तिच्या पुढचे दोन बाक रिकामे, आणि मग पांढरं सुरू होत होतं, थेट वेदीपर्यंत.

युडोराची जागा डावीकडे दुसऱ्या रांगेत, खिडकीशी. ती आली, व्हर्ना आधीच तिथे बसली होती, तिने आईसाठी गादी झटकली. युडोरा बाकाच्या तोंडाशी थांबली. मग वळली आणि मधल्या वाटेने मागे चालत गेली. खळीचा झगा चालताना कागदासारखा वाजत होता, आणि तो आवाज वेदीपर्यंत जात होता.

"सरक," ती इडालियाला म्हणाली.

"आई, तुझी जागा पुढे आहे."

"पुढे बसणाऱ्याकडे काहीतरी लागतं. सरक."

"लोक बघतायत."

"बघू देत. मी त्यांच्याकडे आयुष्यभर बघितलं."

इडालिया सरकली.

वाचन झालं, गाणं झालं, हस्तांदोलन झालं. मागे कुणी हात द्यायला आलं नाही. मायलेकींनी एकमेकींना दिला, कारण त्या वेळी हात द्यायचाच असतो. मग भाकर निघाली. पाळक देणार, होस्फर्ड ताट धरणार. होस्फर्ड कालपासून कुणाशी बोलला नव्हता. बाकामागून बाक करत ते पांढऱ्याच्या शेवटापर्यंत आले. इथून ताट परत फिरतं. पाळक सवयीने फिरलेसुद्धा.

होस्फर्ड फिरला नाही.

तो रीतीचा माणूस होता. पांढऱ्यातल्या, विचारपूस झालेल्या एकीला भाकर मिळाली नव्हती, आणि ताट एकाही सभासदाला वगळून परत जात नाही. काल ओसरीवर काय झालं ते वेगळं. रिकामे दोन बाक ओलांडून तो मागच्या बाकापाशी जाऊन उभा राहिला. पाळक त्याच्यामागे आले, एक भाकर उचलली आणि युडोराच्या हातावर ठेवली.

इथे भाकर दोघांत एक देतात. पातळ, पांढरी, बोटभर लांब. शेजाऱ्याबरोबर मोडायची, अर्धी त्याला, अर्धी आपल्याला. एकट्याने आख्खी खायची नाही. म्हणून तर भाकर घेणारं कुणी बाकावर एकटं बसत नाही. विषम आकडा झाला तर पंच मधे येऊन बसतो. आणि सगळ्यांच्या हातात येईपर्यंत कुणीच खायची नाही.

सगळं चर्च हातात अर्धी अर्धी भाकर धरून थांबलं होतं.

युडोराने भाकर मोडली. तिने काही योजून केलं नव्हतं. हातांना ती एकच रीत माहीत होती. मोडल्यावर दोन्ही तुकड्यांकडे बघितलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की काय झालंय. होस्फर्डच्याही आलं.

"वहिनी," तो दातांत म्हणाला, "तो अर्धा ताटात ठेवा."

"ताटात परत घालत नाहीत, भावजी. तुम्हीच शिकवता सगळ्यांना."

 पाळक पायाखालच्या फळ्या बघत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि हो म्हटल्याचंही कुणी पुढे कधी सांगितलं नाही.

युडोराने अर्धी भाकर लेकीपुढे धरली. इडालियाने हात मांडीवरून उचलला नाही.

"आई, मला अजून वाईट वाटत नाहीये," ती कुजबुजली.

"मला अजून गर्व वाटतोय," युडोरा म्हणाली. "धर."

पुढच्या रांगांतल्या माना एकेक करून मागे वळल्या. व्हर्ना उभी राहिली होती. कुणाचंतरी लहान मूल मोठ्याने विचारत होतं, आता खायचं का, आणि त्याची आई त्याला गप्प करत होती.

इडालियाने हात पुढे केला आणि भाकर घेतली.

होस्फर्डने मागे वळून पाळकांकडे बघितलं. पाळकांनी मान वर करून शब्द म्हटले, नेहमीचेच, आणि सगळ्यांनी एकदम खाल्लं.

भाकर कोरडी असते. द्राक्षरसाचा प्याला निघायच्या आधी सगळ्यांचं गिळून व्हावं लागतं. इडालियाला वेळ लागला. मंडळी थांबली.